दानीएल ९ ची सत्तर सप्तकं आणि "एका सप्तकाचा करार": सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

बायबल स्टडीत दानीएलचा नववा अध्याय निघाला की दहा मिनिटांत कुणीतरी मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडतं आणि विसाव्या मिनिटाला दोन जण एकमेकांशी बोलेनासे होतात, हे इतक्या वेळा बघितलंय की शेवटी म्हटलं सगळे प्रश्न एका जागी लिहून टाकू. मी काही सेमिनरीत शिकवत नाही, पण या चार ओळींवर बरीच वर्षं घालवलीत. बायबल शेजारी उघडं ठेवूनच वाचा, नाहीतर काही कळणार नाही.

नेमकं लिहिलंय काय? थोडक्यात सांगा.

दानीएल ९:२४-२७. गब्रीएल हा देवदूत येऊन सांगतो की तुझ्या लोकांसाठी आणि तुझ्या पवित्र नगरासाठी सत्तर सप्तकं ठरलीत. त्याचे तीन तुकडे आहेत, ७, मग ६२, मग शेवटचं १. यरुशलेम परत बांधायची आज्ञा निघण्यापासून मोजणी सुरू. बासष्ट सप्तकांनंतर अभिषिक्ताचा (देवाने निवडलेल्याचा, मशीहाचा) वध होतो, येणाऱ्या अधिपतीचे लोक नगर आणि मंदिर उद्ध्वस्त करतात. आणि २७ व्या ओळीत "तो" पुष्कळांबरोबर एक सप्तक करार पक्का करतो, अर्ध्या सप्तकात यज्ञ आणि अन्नबली बंद पाडतो, आणि मग तो प्रसिद्ध ओसाडी आणणारा अमंगळ पदार्थ, म्हणजे मंदिर विटाळणारी वस्तू. भांडणं मुख्यतः दोन, मोजायला सुरुवात कधी करायची आणि हा "तो" कोण.

हे सगळं दानीएलला अचानक कशाला सांगितलं?

हा प्रश्न खरं तर सगळ्यात आधी यायला हवा पण फार कमी लोकं विचारतात, सगळ्यांना थेट २४ वी ओळ हवी असते. अध्यायाची सुरुवात बघा, दानीएल यिर्मयाचं लिखाण वाचतोय, बाबेलच्या बंदिवासाची सत्तर वर्षं (यिर्मया २५:११-१२ आणि २९:१०), आणि त्याच्या लक्षात येतं की वेळ भरत आलीय. मग तो उपास, गोणपाट, राख घेऊन प्रार्थनेला बसतो, आणि त्या प्रार्थनेची सुरुवातच "करार पाळणारा देव" अशी आहे (९:४). पुढे ११ व्या ओळीत तो म्हणतो की मोशेच्या नियमशास्त्रात लिहिलेला शाप आमच्यावर आला. हा शाप म्हणजे कराराचं कलम, लेवीय २६ काढून बघा. तिथे देव चार वेळा बजावतो की ऐकलं नाहीत तर शिक्षा सातपट करीन (ओळी १८, २१, २४, २८). आता सत्तर वर्षं गुणिले सात करा. ४९०!

म्हणजे गब्रीएलचा आकडा आभाळातून पडलेला नाही, कराराच्या कागदातूनच आलाय, आणि दानीएलच्या प्रार्थनेचं ते उत्तर आहे. त्याने विचारलं सत्तर वर्षं संपली का, उत्तर मिळालं की सत्तर वर्षं संपतायत पण पापाचा हिशोब संपायला सत्तर गुणिले सात लागणार. हे एकदा डोक्यात बसलं की २७ व्या ओळीतला "करार" शब्दसुद्धा वेगळा ऐकू यायला लागतो, त्यावर खाली येतोच.

अजून एक गोष्ट मला दरवेळी थांबवते. गब्रीएल येतो ती वेळ लिहिलीय "संध्याकाळच्या अर्पणाच्या सुमारास" (९:२१). मंदिर जळून तेव्हा जवळपास पन्नास वर्षं झालेली, अर्पण बिर्पण काही चालू नाही, तरी हा म्हातारा बाबेलात बसून दिवसाची वेळ त्या बंद पडलेल्या अर्पणावरून सांगतोय. आणि त्यालाच सांगितलं जातं की मंदिर पुन्हा होईल, पुन्हा मोडेल, अर्पणं पुन्हा बंद होतील.

सप्तक म्हणजे आठवडाच ना? मग वर्षं कुठून आली?

हिब्रू शब्दाचा अर्थ "सातांचा संच". नेहमीच्या वापरात आठवडा, पण इथे दिवसांचं म्हटलेलं नाही, उलट पुढच्याच अध्यायात (१०:२-३) दानीएल तीन आठवडे शोक करतो तिथे मुद्दाम "दिवसांचे" असा शब्द हिब्रूत जोडलाय, जणू आधीचे वेगळे होते. शिवाय दानीएल वर्षांचाच विचार करत होता. आणि लेवीय २५:८ मध्ये सात सात वर्षांचे सात गट मोजून योबेल (सुटकेचं) वर्ष काढायचं सांगितलंय, म्हणजे वर्षांची सप्तकं ही यहूदी माणसाला रोजच्या ओळखीची गोष्ट. दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची. आपल्याकडे कोकणातल्या बेने इस्राएल लोकांना गावकरी शनिवार तेली म्हणायचे कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद, तसा इथे जमिनीचाही शब्बाथ. २ इतिहास ३६:२१ तर म्हणतं की बंदिवासाची सत्तर वर्षं जमिनीने आपले राहिलेले शब्बाथ भोगले.

४९० म्हणजे ४९-४९ वर्षांचे दहा योबेल. मृत समुद्राजवळ कुमरानला सापडलेल्या एका गुंडाळीत (मलकीसदेकवाली, ११क्यू१३) दहा योबेलांचा हाच हिशोब आहे आणि दानीएलचं नावही. म्हणजे येशूच्या आधीपासूनच लोकं हे असं वाचत होती.

बरं, मोजायला सुरुवात कुठून करायची?

इथे जरा वेळ द्या. "यरुशलेम पुन्हा बांधायची आज्ञा" म्हणून चार-पाच उमेदवार आहेत.

पर्शियाच्या कोरेश राजाचं फर्मान, इ.स.पू. ५३८ च्या आसपास (एज्रा १). यशया ४४:२८ मध्ये कोरेश यरुशलेम बांधा म्हणेल असं आहे, त्यामुळे साध्या वाचनात हेच पहिलं डोळ्यासमोर येतं. पण ५३८ मधून ४८३ वर्षं पुढे गेलं की आपण इ.स.पू. ५५ ला पोचतो, तिथे कुणाला काही मिळत नाही.

पुढच्या पर्शियन राजाचं, अर्तहशश्तचं सातवं वर्ष, ४५८ किंवा ४५७ (एज्रा ७). ४५७ धरलं आणि ६९ सप्तकं म्हणजे ४८३ वर्षं मोजली तर येतं इ.स. २७. (कॅल्क्युलेटरवर २६ येतंय? बरोबर, कारण शून्य साल नसतं, इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १, एक मिळवा.) २७ हे येशूच्या बाप्तिस्म्याचं वर्ष धरता येतं, साडेतीन वर्षांनी ३१ च्या सुमारास क्रूस. दिसायला एकदम छान. अडचण एवढीच की एज्रा ७ मधल्या पत्रात मंदिराची सोय, सोनं-रुपं आणि नियमशास्त्र शिकवणं आहे, नगर बांधा असं वाक्य शोधून सापडत नाही. समर्थक एज्रा ४:१२ दाखवतात, तिथे त्याच राजाच्या काळात लोकं तट बांधताना दिसतात.

अर्तहशश्तचं विसावं वर्ष, ४४५ किंवा ४४४, नीसान महिना (नहेम्या २). इथे नगर, तट, वेशी, लाकूड, सगळं स्पष्ट. पण साधी वर्षं मोजली तर इ.स. ३९ किंवा ४० येतं, येशूच्या वेळेच्या पुढे.

आणि चौथा गट म्हणतो की "आज्ञा" म्हणजे मुळात "वचन निघालं" असं आहे, राजाचं फर्मानच कशाला, यिर्मयाला मिळालेलं देवाचं वचन का नाही? मग सुरुवात ६०५ किंवा ५८७ ला जाते. हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, कारण अध्याय यिर्मयापासूनच सुरू झालाय.

थोडक्यात काय, प्रत्येक हिशोबात कुठेतरी पदरचं घालावं लागतं, आणि जो माणूस म्हणतो माझ्या चार्टमध्ये सगळं चोख बसतं त्याला विचारा तुम्ही कुठे पदरचं घातलंत.

ते १,७३,८८० दिवसांचं गणित खरं आहे का? आमच्या पाळकांनी सांगितलं की दिवस न् दिवस जुळतो.

हे गणित सर रॉबर्ट अँडरसन यांचं, १९ व्या शतकातले लंडनच्या स्कॉटलंड यार्डचे मोठे पोलीस अधिकारी. त्यांनी ४४५ पासून सुरुवात केली आणि वर्ष ३६० दिवसांचं धरलं, ४८३ गुणिले ३६० म्हणजे १,७३,८८० दिवस, १४ मार्च इ.स.पू. ४४५ ते ६ एप्रिल इ.स. ३२, येशू गाढवीच्या शिंगरावर बसून यरुशलेमात आला तो दिवस. नंतर हॅरल्ड होनर यांनी दुरुस्त करून ४४४ ते ३० मार्च ३३ असं बसवलं, कारण क्रूसाचं वर्ष बहुतेक अभ्यासक ३० किंवा ३३ धरतात, ३२ ला फार कुणी नाही.

३६० ला आधार म्हणून प्रकटीकरणातले ४२ महिने = १२६० दिवस दाखवतात, आणि जलप्रलयाचे पाच महिने = १५० दिवस. ठीक आहे. पण आपल्याला मराठी माणसाला हे समजायला सोपं आहे बघा, आपल्या पंचांगात अधिक महिना का येतो? चांद्र महिने आणि ऋतू यांचा मेळ बसावा म्हणून. यहूदी पंचांगातही अगदी तेच, १९ वर्षांत सात वेळा जादा महिना, नाहीतर वल्हांडण सण वसंतातून सरकत सरकत पावसाळ्यात गेला असता. म्हणजे ४८३ वर्षं सलग ३६० दिवसांची वर्षं कुणी यहूदी जगलाच नाही. थोड्या काळासाठी गोल आकडा म्हणून ३६० चालतं, पाच शतकांना लावलं की १,७३,८८० दिवस म्हणजे सुमारे ४७६ खरी वर्षं होतात आणि सात वर्षं गायब. मला हे गणित आवडायचं, खूप आवडायचं, चार्ट काढून भिंतीवर लावला होता, पण अधिक महिन्याचा विचार केल्यावर काढून ठेवला.

७ आणि ६२ वेगळे का सांगितलेत? सरळ ६९ का नाही?

पहिल्या ४९ वर्षांत नगर बांधून झालं असं सहसा सांगतात. पण २५ व्या ओळीत एक खोच आहे. हिब्रूच्या पारंपरिक विरामचिन्हांप्रमाणे मोठा थांबा "सात सप्तकं" नंतर येतो, म्हणजे अभिषिक्त अधिपती सात सप्तकांनंतरच येतो, आणि ६२ सप्तकं नगर बांधलेलं राहतं. तसं वाचलं तर पहिला अभिषिक्त कोरेश असू शकतो (यशया ४५:१ त्याला चक्क अभिषिक्त म्हणतं) आणि वध होणारा दुसराच कुणी. ही चिन्हं मूळ लिखाणात नव्हती, मध्ययुगात घातली गेली, जुनं वाचन जपत. ख्रिस्ती भाषांतरं बहुतेक दोन्ही जोडून वाचत आली. तुमच्या हातातल्या भाषांतरात थांबा कुठे आहे बघाच, एका स्वल्पविरामावर चारशे वर्षं इकडची तिकडे होतात.

२७ व्या ओळीतला "तो" कोण? येशू की ख्रिस्तविरोधी?

म्हणजे एकाच सर्वनामावर तारणारा आणि त्याचा वैरी दोघेही दावेदार!

पहिलं वाचन: जवळचं नाम "येणारा अधिपती", म्हणून तोच करार करतो, पुढे तोच मोडतो, तोच अमंगळ पदार्थ उभा करतो. हा अधिपती भविष्यातला ख्रिस्तविरोधी. आपल्याकडच्या पेंटेकॉस्टल आणि ब्रदरन मंडळ्यांत बहुतेक हेच शिकवतात.

दुसरं: पूर्ण भागाचा मुख्य माणूस अभिषिक्त आहे, अधिपती तर "त्याचे लोक" म्हणण्यापुरताच आलाय, म्हणून "तो" म्हणजे अभिषिक्त, येशू. त्याने करार पक्का केला आणि त्याच्या मरणाने यज्ञांचं काम संपलं.

तिसरं: अंत्युख एपिफानेस, त्याचा वेगळा प्रश्न खाली आहे.

व्याकरणावर निकाल लागत नाही, लागला असता तर एवढे खंड छापलेच नसते. पण शब्दांकडे बघा. हिब्रूत करार "करणं" याला नेहमीचं क्रियापद आहे "कापणं", कारण जनावर कापून करार व्हायचा (उत्पत्ती १५). इथे ते नाही! इथे आहे "बळकट करणं", जणू आधीपासून असलेला करार मजबूत केला. आणि ते "कापणं" क्रियापद आलंय कुठे, तर आदल्या ओळीत, अभिषिक्त "कापला गेला" तिथे. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती. शिवाय "पुष्कळ" हा शब्द यशया ५३:११-१२ मध्ये दुःख सोसणाऱ्या सेवकाच्या संदर्भात येतो, आणि शेवटच्या भोजनात येशू म्हणतो की हे करारातलं माझं रक्त पुष्कळांसाठी ओतलं जातंय (मार्क १४:२४).

पण करार म्हणजे शांतता करारच ना? इस्राएलबरोबर सात वर्षांचा?

ओळीत "शांतता" नाही, "इस्राएल देशाबरोबर" नाही, "सही" नाही. "पुष्कळांबरोबर" आहे. मराठीत करार म्हटलं की आपल्याला भाडेकरार आठवतो, अकरा महिन्यांचा, स्टॅम्प पेपरवाला, मुदत संपली की नवा करा, आणि मग एक सप्तकाचा करार म्हणजे सात वर्षांचं ॲग्रीमेंट असं आपोआप डोक्यात येतं. या अध्यायात मात्र करार हा शब्द याआधी एकदाच आलाय, चौथ्या ओळीत, आणि तिथे तो देवाचा करार आहे. राजकीय तह अशक्य आहे असं मी म्हणत नाही, हिब्रू शब्द तहालाही वापरतात. पण पुरावा देण्याची जबाबदारी तह म्हणणाऱ्यांवर आहे, एवढंच.

कॉलेजात सांगतात की हे सगळं अंत्युखाबद्दल आहे आणि होऊन गेलंय. ते नास्तिक आहेत का?

नाही हो, बरेचसे श्रद्धाळू आहेत. त्यांचं म्हणणं नीट ऐकण्यासारखं आहे. अंत्युख चौथा एपिफानेस, सीरियाचा ग्रीक राजा. प्रमुख याजक ओनियास तिसरा पदावरून काढला गेला आणि इ.स.पू. १७१ च्या सुमारास मारला गेला, हा वध झालेला अभिषिक्त. काही यहूद्यांनी परराष्ट्रीयांशी करार केला (१ मक्काबी १:११). १६७ मध्ये अंत्युखाने रोजचं अर्पण बंद पाडलं आणि वेदीवर अमंगळ पदार्थ उभा केला, १६४ मध्ये मंदिर पुन्हा शुद्ध झालं, त्याचाच हनुक्का सण. अध्याय ८ आणि ११ शी हे फारच जुळतं. वसई-गोव्याकडच्या कॅथलिक मंडळींकडे बायबलात मक्काबी आहेच, बाकीच्यांनी मागून आणून वाचा, त्याशिवाय या विषयावर बोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आकडे? ५८७ पासून ४९ वर्षं म्हणजे ५३८, कोरेश, मस्त. पण तिथून ६२ सप्तकं म्हणजे ४३४ वर्षं मोजली तर १०४ येतं, १७१ नाही, ६७ वर्षांचा फरक. ४३४ वर्षं ६०५ पासून मोजली तर बरोबर १७१ येतं, पण मग ७ आणि ६२ एकाच वेळी चालू धरावे लागतात. बरेच अभ्यासक म्हणतात की आकडे प्रतीकात्मक आहेत, सोडून द्या. आणि अंत्युखाने मंदिर विटाळलं, जमीनदोस्त केलं नाही, २६ वी ओळ मात्र नाशाबद्दल बोलते, ते रोमी सेनापती तीताने इ.स. ७० मध्ये केलं. शिवाय येशू मत्तय २४:१५ मध्ये तोच अमंगळ पदार्थ पुढे होणार म्हणून सांगतो, अंत्युखानंतर दोनशे वर्षांनी. म्हणून मी म्हणतो अंत्युख हा नमुना आहे, पण गोष्ट त्याच्यापाशी संपत नाही.

६९ व्या आणि ७० व्या सप्तकाच्या मध्ये गॅप (मोकळा काळ) आहे का?

ओळीत गॅप लिहिलेला नाही. पण अभिषिक्ताचा वध आणि नगराचा नाश "बासष्ट सप्तकांनंतर" असं म्हणून मग शेवटचं सप्तक येतं, त्यामुळे फटीला जागा आहे असं म्हणतात. हे फक्त १९ व्या शतकातल्या डार्बीने (ब्रदरन मंडळ्यांचा एक पुढारी) काढलं असं सांगणारे अर्धंच सांगतात, तिसऱ्या शतकातल्या हिप्पोलिटसनेही शेवटचं सप्तक जगाच्या अंताला ठेवलं होतं. डार्बी आणि नंतर १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांनी ते घरोघरी पोचवलं. तरी ४९० वर्षांचा हिशोब दिला आणि मध्ये दोन हजार वर्षं घड्याळ बंद, हे माझ्या गळी उतरत नाही.

सात वर्षांचं महासंकट प्रकटीकरणात कुठे आहे?

"सात वर्षं" म्हणून कुठेच नाही. ४२ महिने, १२६० दिवस, साडेतीन काळ आहेत (११:२-३, १२:६, १२:१४, १३:५). सात हा आकडा दानीएल ९:२७ मधून आणून जोडलाय.

यहूदी लोकं कसं वाचतात?

परंपरेने ४९० म्हणजे पहिल्या मंदिराच्या नाशापासून दुसऱ्याच्या नाशापर्यंत, ७० अधिक ४२०. त्यात पर्शियन राजांचा काळ इतिहासापेक्षा दीडशेहून जास्त वर्षांनी आखूड होतो. म्हणजे पदरचं घालणं तिथेही आहे. आणि तालमुदात (यहूदी धर्मगुरूंच्या चर्चांचा ग्रंथ) अंताचा हिशोब करत बसणाऱ्यांना सणसणीत शाप दिलाय, त्यांची हाडं सडोत म्हणून.

१८४४ चा याच्याशी काय संबंध?

दानीएल ८:१४ चे २३०० दिवस वर्षं धरून ४५७ पासून मोजले की १८४४. अमेरिकेत विल्यम मिलरचे हजारो अनुयायी २२ ऑक्टोबर १८४४ ला येशूची वाट बघत बसले, काहींनी त्या वर्षी पिकंही काढली नाहीत. आला नाही. त्यातूनच पुढे सेवंथ डे ॲडव्हेंटिस्ट उभे राहिले.

मराठीत कुठलं भाषांतर घेऊ?

बायबल सोसायटीचं "पवित्र शास्त्र" बहुतेकांकडे आहेच, त्यातली "सप्तक" ही योजना उत्तम, आठवडाही नाही आणि वर्षही लादलेलं नाही. जमलं तर पंडिता रमाबाईंचंही बघा, केडगावला मुक्ती मिशनमध्ये हिब्रू-ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं, १९२२ ला त्या वारल्या, ते १९२४ ला छापून आलं. दोन्ही शेजारी ठेवून २५ आणि २७ व्या ओळी वाचा.

तुमचं स्वतःचं मत काय, गोल गोल नको.

बरं. ४९० हा आधी कराराचा आकडा आहे, दहा योबेल, पूर्ण सुटका, आणि नंतर कॅलेंडरचा. काळ साधारण येशूपर्यंत येतो, दिवस न् दिवस नाही. करार पक्का करणारा अभिषिक्तच, ओसाडी आणणारा वेगळा, तो अंत्युखात दिसला, इ.स. ७० मध्ये दिसला, पुढेही दिसू शकतो. २७ व्या ओळीचा दुसरा अर्धा भाग मला अजून नीट बसवता येत नाही, "तो" तिथे मध्येच बदलतो असं मानावं लागतं आणि ते माझं पदरचं आहे. चौथ्या-पाचव्या शतकातल्या जेरोमने तर सगळ्यांची मतं एकाखाली एक लिहून काढली आणि निवड वाचकावर सोडली.

२०२० च्या अब्राहम करारावर (इस्राएल आणि काही अरब देशांमधला) सह्या झाल्या, सात वर्षांनी २०२७, हे तेच का?

१९९३ च्या ऑस्लो करारालाही हेच लावलं होतं, २००० साल आलं आणि गेलं. अब्राहम करारावर १५ सप्टेंबर २०२० ला सह्या झाल्या, त्यात सात वर्षांची मुदत नाही, यरुशलेमात मंदिर नाही आणि थांबवायला यज्ञही नाही. असे मेसेज फॉरवर्ड करणाऱ्याला विचारा दानीएल ९:४ मध्ये कुठला शब्द आहे, बहुतेक वेळा तिथूनच पुढे बरं बोलणं सुरू होतं.